‘धर्मात बसत नाही’ म्हणजे नेमके कशात?

पत्र : मी मूळची सातारा जिल्ह्यातील. गेल्या वर्षी बदली होऊन रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. वर्गातील निम्मी मुले मुसलमान आहेत. सातवीतील माझी सर्वांत हुशार मुलगी यंदा शाळा सोडणार आहे. तिचे वडील कुवेतला असतात. चुलते मला म्हणाले, ‘‘मोठी झाली ती, आता पुढे शिकणे आमच्या धर्मात बसत नाही.’’ मला इस्लामची काहीच माहिती नसल्याने मी काही न बोलता परत आले. या लोकांची श्रद्धा नेमकी कशावर असते, मी कोणता ग्रंथ वाचावा, आणि त्यात बाईचे स्थान खरोखर इतके कमी आहे का? शिक्षकांच्या खोलीत तर मी रोज तसेच ऐकते.

प्रिय बाई,

सस्नेह नमस्कार. तुम्ही वाद न घालता परत आलात हे चांगले झाले, कारण त्या घराचे दार तुमच्यासाठी अजून उघडे आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नातील एका भागाचे उत्तर मात्र आधी देते. मुलीने शिकणे इस्लाममध्ये बसत नाही, या म्हणण्याला कुरआनात आधार नाही आणि पैगंबरांच्या शिकवणुकीतही नाही. अफगाणिस्तानात मुलींचे माध्यमिक आणि नंतर विद्यापीठीय शिक्षण बंद झाले, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये कैरोच्या अल-अझहर या नामांकित इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी विद्यापीठबंदी शरीयतच्या विरुद्ध असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. तरीही एवढे एक वाक्य पाठ करून तुम्ही पुन्हा त्या ओट्यावर जाऊ नये, असे मला वाटते. चुलते ज्याला ‘धर्म’ म्हणतात त्यात ग्रंथ, शास्त्रकारांची मते, गावची रीत आणि घरची काळजी असे बरेच काही मिसळलेले असते, आणि ते वेगवेगळे ओळखता आले तरच बोलणे पुढे सरकते. मी स्वतः कोकणी मुसलमान घरात वाढले असल्यामुळे हे मला घरातूनच माहीत आहे.

श्रद्धेपासून सुरुवात करते. अल्लाहवाचून कोणीही उपास्य नाही आणि मुहंमद हे अल्लाहचे प्रेषित आहेत, या दोन भागांच्या साक्षीला कलमा म्हणतात आणि इस्लामची सारी उभारणी तिच्यावर आहे. ‘अल्लाह’ हे मुसलमानांच्या एखाद्या वेगळ्या दैवताचे नाव नाही. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही परमेश्वराला अल्लाहच म्हणतात. पैगंबरांवर मुसलमानाचे जिवापाड प्रेम असते, पण त्यांची पूजा होत नाही. ते माणूसच होते, संदेश आणणारे होते, आणि त्यांच्या आधी इब्राहीम, मूसा, ईसा असे अनेक प्रेषित होऊन गेले, असे मानले जाते. याशिवाय फरिश्ते, पूर्वीचे ईश्वरी ग्रंथ, मृत्यूनंतरचा न्यायाचा दिवस आणि ईश्वराने ठरवलेली नियती यांवर श्रद्धा ठेवायची असते. आचरणात कलम्याबरोबर दिवसातून पाच वेळा नमाज, रमजान महिन्याचे रोजे, वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मर्यादेवरील संपत्तीतून शेकडा अडीच जकात, आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज, अशी पाच कर्तव्ये येतात. ही पाचही कर्तव्ये बाई आणि पुरुष दोघांनाही लागू आहेत.

इथे शिक्षिका म्हणून तुम्हांला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ असते आणि रोजाही धरायचा नसतो. सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे असतात. म्हणून रमजानात सातवीतील एखादी मुलगी डबा खाताना दिसली, तर ‘‘आज रोजा नाही का ग?’’ असे चारचौघांत विचारू नका. हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असला तरी त्या मुलीला जमिनीने पोटात घ्यावे असे वाटते. वयात न आलेल्या मुलांवर तर रोजा बंधनकारकच नाही; ती हौसेने धरतात.

आता ग्रंथ. मुहंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इ.स. ५७० च्या सुमारास झाला. ते चाळिशीत असताना, ६१० मध्ये, हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला दिव्य संदेश मिळाला असे मानतात, आणि तेथून ६३२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत जे संदेश आले त्यांचा संग्रह म्हणजे कुरआन. मुसलमानांच्या दृष्टीने हे पैगंबरांचे लेखन नव्हे, तर ईश्वराचे शब्द आहेत. त्यात ११४ सूरह म्हणजे अध्याय आहेत आणि पठणाच्या सोयीसाठी ३० भाग केलेले आहेत, ज्यांना आपल्याकडे पारे किंवा सिपारे म्हणतात. सुरुवातीच्या सात आयतींच्या, म्हणजे वचनांच्या, प्रार्थनेनंतर साधारणपणे लांब सूरह आधी आणि आखूड सूरह शेवटी अशी मांडणी असल्यामुळे, कादंबरी वाचावी तसा पहिल्या पानापासून कुरआन वाचायला घेणारा नवा वाचक दुसऱ्याच सूरहच्या २८६ आयतींमध्ये अडखळतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. तुम्ही पहिली सूरह वाचा, मग थेट शेवटच्या पाऱ्यातील छोट्या सूरह वाचा, नंतर यूसुफ (सूरह १२) आणि मरयम (सूरह १९) वाचा, आणि त्यानंतर ‘अन-निसा’ म्हणजे ‘स्त्रिया’ या नावाच्या चौथ्या सूरहकडे वळा. मराठी भाषांतरे मिळतात. विनोबांनी अरबी शिकून, कुरआनातील वचने निवडून ‘कुराण-सार’ सिद्ध केले होते. आपल्या वाचकाला तोही एक ओळखीचा दरवाजा आहे.

माझी आजी रोज पहाटे कुरआन वाचत असे. तिचे अरबी उच्चार स्वच्छ होते, अनेक सूरह तिला पाठ होत्या, आणि त्यातील एकाही आयतीचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. अर्थाशिवाय केलेल्या या वाचनाला नाजिरा म्हणतात आणि आपल्या बहुतेक मुलांना मक्तबात, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, तेवढेच शिकवले जाते. ते पठण कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या आवाजाने आमच्या घराला जे बळ दिले ते मी पाहिले आहे. पण त्याचा एक परिणाम असा होतो की ग्रंथ घरात असतो, ओठांवरही असतो, आणि तरी ‘धर्मात काय बसते’ हे मात्र कानावर आलेल्या गोष्टींवरून ठरते. तुमच्या विद्यार्थिनीचे चुलते खोटे बोलले असे समजू नका. त्यांनी जे ऐकले तेच त्यांनी तुम्हांला सांगितले असणार.

कुरआनानंतर हदीस येते, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृती यांच्या नोंदी. सुन्नी परंपरेत बुखारी आणि मुस्लिम या नावांच्या दोन संग्राहकांचे संग्रह सर्वांत विश्वसनीय मानले जातात. शिया परंपरेचे संग्रह वेगळे आहेत. कुरआन आणि हदीस यांच्या आधारे शास्त्रकारांनी जे नियम बांधले त्याला फिक्ह म्हणतात, आणि त्यात एकच एक मत नाही. घाटावरील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे आहेत, तर कोकणी मुसलमान समुद्रमार्गे आलेल्या अरब संबंधांमुळे शाफई पंथाचे आहेत. फरक केवळ नमाजात हात कोठे बांधावेत एवढाच नसतो. हनफी मताप्रमाणे सज्ञान स्त्री वलीशिवाय, म्हणजे वडील किंवा अन्य पालकाशिवाय, स्वतःचा निकाह करू शकते. शाफई मताप्रमाणे वली लागतोच. दोन्ही पंथांत धर्म तोच, ग्रंथही तोच, आणि बाईला मिळणारे उत्तर मात्र वेगळे. तेव्हा कोणी ‘इस्लाम असे सांगतो’ म्हणाले की हे कुरआनात आहे, हदीसमध्ये आहे, कुठल्या पंथाच्या फिक्हमध्ये आहे की आपल्या वाडीत आहे, हे मनातल्या मनात विचारायची सवय लावून घ्या.

आता बाईविषयी. कुरआनाचा पहिला उतरलेला शब्द ‘इक्रा’ असा आहे, म्हणजे ‘वाच’, आणि पुढच्याच काही आयतींत ज्याने लेखणीने शिकवले त्या प्रभूचा उल्लेख येतो. त्या अनुभवाने थरथरत घरी आलेल्या पैगंबरांना धीर देणारी आणि त्यांच्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवणारी व्यक्ती त्यांची पत्नी खदीजा होती. ती विधवा होती, स्वतःचा व्यापार चालवत होती, तिनेच त्यांना कामावर ठेवले होते आणि लग्नाचा विचारही तिच्याच बाजूने आला होता. ती हयात असेपर्यंत पैगंबरांनी दुसरे लग्न केले नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्यातील पत्नी आयेशा यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस नोंदल्या गेल्या असून मोठमोठे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सहकारी, त्यांच्याकडे शंका घेऊन येत. आणखी एक पत्नी हफ्सा यांच्याकडे कुरआनाची एकत्र केलेली प्रत ठेवलेली होती आणि खलिफा उस्मान यांच्या काळात प्रमाण प्रती तयार करताना ती त्यांच्याकडून मागवून घेतली गेली, असे परंपरा सांगते. आज जगभर वाचला जाणारा ग्रंथ एका बाईच्या घरी जपला गेला होता, हे माझ्या वर्गातील मुलींना मी दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी त्यांना ते नवीनच असे.

अठ्ठावन्नाव्या सूरहची कथा तर अवश्य वाचा. खौला नावाच्या एका स्त्रीला तिचा नवरा रागाच्या भरात ‘‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस’’ असे म्हणाला. अरबांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे एवढ्या एका वाक्याने बायको नवऱ्याला वर्ज्य होत असे, आणि तरीही ती मोकळी होत नसे. खौला पैगंबरांकडे गेली, ती हुज्जत घालत राहिली, मागे हटली नाही. मग जी सूरह उतरली तिचा आरंभ असा आहे की जी स्त्री आपल्या पतीविषयी तुझ्याशी वाद घालत आहे तिचे बोलणे ईश्वराने ऐकले आहे. तो रिवाज निषिद्ध ठरला आणि असे बोलणाऱ्या नवऱ्यावर प्रायश्चित्त आले. त्या सूरहचे नावही ‘वाद घालणारी स्त्री’ अशा अर्थाचे आहे. तसेच, वचनांमध्ये नेहमी पुरुषांचाच उल्लेख का येतो, असे पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी विचारल्यावर तेहतिसाव्या सूरहची ३५ वी आयत उतरली असे सांगतात. तिच्यात श्रद्धा, सत्य, संयम, दान, उपवास असे दहा गुण मोजताना दर वेळी पुरुष आणि स्त्रिया अशी जोडी घेतली आहे आणि दोघांना एकच प्रतिफळ सांगितले आहे.

निकाह हा करार आहे. त्यात वधूची संमती लागते, आणि मेहेर ही वधूच्या बापाला नव्हे तर वधूला द्यायची रक्कम असते. हुंड्याला इस्लाममध्ये कसलाही आधार नाही. आमच्या लोकांनी तो शेजारून उचलला आणि मेहेर मात्र निकाहनाम्यावर लिहिण्यापुरती ठेवली, ही मला फार सलणारी गोष्ट आहे. विधवेला चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीनंतर, म्हणजे थांबण्याच्या मुदतीनंतर, पुन्हा लग्न करता येते. तलाक पुरुष देतो, तसा स्त्रीला ‘खुला’, म्हणजे आपल्या बाजूने घटस्फोट, मागता येतो. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा ठरलेला आहे.

तो वाटा मुलाच्या निम्मा आहे, हेही इथेच सांगितले पाहिजे. नुसत्या गौरवाच्या गोष्टी सांगून मी थांबले, तर शिक्षकांच्या खोलीत कोणी चौथी सूरह उघडून दाखवली की तुमच्याकडे उत्तर उरणार नाही. घरखर्चाची जबाबदारी सर्वस्वी पुरुषावर असल्यामुळे असा वाटा ठरला, असे शास्त्रकार सांगतात. आजच्या घरात बायकाही कमावतात तेव्हा काय, हा प्रश्न मुसलमान स्त्रियाच विचारत आहेत. प्रत्यक्षात पुष्कळ बहिणी तोही निम्मा वाटा भावांसाठी सोडतात. हक्कसोडपत्रावर अंगठा उठवणाऱ्या बहिणी तुमच्या साताऱ्यातही तुम्ही पाहिल्या असतील. चार बायकांपर्यंतची परवानगी त्याच सूरहच्या तिसऱ्या आयतीत आहे, पण तिथेच न्यायाने वागता येणार नाही अशी भीती असेल तर एकच करा असे म्हटले आहे, आणि १२९ व्या आयतीत तुम्ही कितीही इच्छा केली तरी बायकांमध्ये समान न्याय करू शकणार नाही असे म्हटले आहे. या दोन आयती एकत्र वाचून काही अभ्यासकांनी एकपत्नीत्व हाच ग्रंथाचा कल आहे असे मत मांडले. परंपरागत फिक्हने ते मानले नाही.

सर्वांत अवघड आहे ती ३४ वी आयत. पुरुष हे स्त्रियांचे पालनकर्ते आहेत असे ती म्हणते आणि न जुमानणाऱ्या पत्नीबाबत ज्या पायऱ्या सांगते त्यांतील शेवटच्या पायरीचा अर्थ बहुतेक भाषांतरांत ‘मारणे’ असाच केला जातो. पूर्वीच्या शास्त्रकारांनी त्यावर इजा होऊ नये अशा कडक मर्यादा घातल्या, आजचे काही भाष्यकार त्या क्रियापदाचा अर्थच वेगळा लावतात, आणि पैगंबरांनी कधीही कोणा स्त्रीवर हात उगारला नाही असे आयेशांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नोंदलेले आहे. मी श्रद्धाळू आहे, आणि या आयतीपाशी आले की मला थांबावे लागते. त्या हदीसचा आधार धरून, कोणत्याही घरात कोणत्याही बाईवर हात उचलणे मला मान्य नाही, असे मी स्पष्ट म्हणते. तुमच्या ओळखीच्या मुसलमान बायकांपैकी कोणी वेगळे बोलेल, कोणी गप्प राहील. त्या गप्प राहण्याचा अर्थ परस्पर लावू नका.

ओढणीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मुलगी सातवीत आहे म्हणजे तो विषय येणारच. चोविसाव्या सूरहमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे आणि नंतर स्त्रियांना. त्यापुढे स्त्रियांनी ओढणी छातीवर घ्यावी असे सांगितले आहे. बहुसंख्य शास्त्रकार केस झाकणे आवश्यक मानतात. चेहरा झाकण्याबाबत त्यांच्यात मतभेद आहेत. हजच्या वेळी इहरामच्या, म्हणजे यात्रेसाठीच्या व्रतस्थ, अवस्थेत तर स्त्रीने नकाब लावायचा नसतो. मुलीने डोके झाकले म्हणून तिचे गणित बिघडत नाही आणि तिने झाकले नाही म्हणून तिची श्रद्धा कमी होत नाही, तेव्हा या दोन्हींवर वर्गात कसलीही टिप्पणी न करणे हेच उत्तम.

मुसलमान बाईच्या वाट्याला आलेली सगळीच परिस्थिती ग्रंथातून आलेली नाही, आणि ती बदलण्यासाठी बाहेरच्यांची वाट पाहिली गेली असेही नाही. तुम्ही आता आहात त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा काढला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी अवैध ठरवला, तेव्हा याचिका करणाऱ्या मुसलमान स्त्रियाच होत्या. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. नवऱ्याला तुरुंगात पाठवून बायकोच्या हाती काय पडते, यावर त्याच स्त्रियांमध्ये अजून मतभेद आहेत. मशिदीत स्त्रियांना नमाज पढता यावी म्हणून पुण्यातील एका मुसलमान दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही स्त्रियांना मशिदीत येण्यास धर्माची मनाई नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. आमच्या गावच्या मशिदीत मात्र बायकांसाठी जागा अजूनही नाही.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडे येते. ‘ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे’ ही हदीस गावातील प्रत्येकाला तोंडपाठ असते. पुष्कळदा तिच्यापुढे ‘आणि प्रत्येक मुसलमान स्त्रीवर’ असे शब्द जोडलेले दिसतात. ते मूळ पाठात नाहीत, पण ‘मुसलमान’ या शब्दात स्त्रिया आल्याच, असे शास्त्रकार मानतात. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मरवझिया नावाची विदुषी बुखारींचा संग्रह शिकवत असे आणि दूरदूरचे पुरुष अभ्यासक तिच्याकडे शिकायला येत. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम झाल्या. हे सारे तुम्ही जाणून घ्या, पण आयती आणि हदीस वाचून दाखवण्याचे काम तुम्ही करू नका. बाहेरून आलेल्या बाईने आपल्याला आपला धर्म शिकवला, ही भावना चुलत्यांच्या मनात एकदा बसली की मुलीचे शिक्षण बाजूला राहील आणि तो मानाचा प्रश्न होईल. ते काम जमातीतील एखाद्या शिकलेल्या मुसलमान बाईला, गावातील आशा आरोग्यसेविकेला किंवा निवृत्त शिक्षिकेला करू द्या. जवळपास अशी कोणीतरी नक्की सापडेल.

तुम्ही मुलीच्या आईला भेटा. नवरा आखातात असताना घर ओढणारी ती बाई आहे, आणि निर्णय चुलत्यांच्या तोंडून आला तरी तिच्या मनात काय आहे हे अजून तुम्हांला कोणी सांगितलेले नाही. शुक्रवारची दुपार टाळा, आजी घरात असेल अशी वेळ पाहा, चहा दिला तर घ्या. धर्माचे नाव काढू नका. हायस्कूल किती लांब आहे, संध्याकाळची एसटी किती वाजता सुटते, थांब्यापासून वाडीपर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का, शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, बरोबर जाणारी दुसरी मुलगी कोण, हे विचारा. माझा अनुभव असा आहे की ‘धर्मात बसत नाही’ या शब्दांमागे पुष्कळदा अशीच एखादी भीती असते, आणि भीती बोलून दाखवणे घरच्या पुरुषाला कमीपणाचे वाटते म्हणून तो धर्माचे नाव घेतो. एसटीची वेळ बदलून घेणे किंवा तीन मुलींची एकमेकींना सोबत जुळवून देणे हे तुमच्या हातात येऊ शकेल असे काम आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण हा त्या मुलीचा हक्क आहे. हे चुलत्यांना धाक म्हणून नव्हे, तर आईला माहिती म्हणून सांगा. जाताना हायस्कूलचा प्रवेश अर्ज सोबत असू द्या. त्यावर पालक म्हणून आईची सही चालते, त्यासाठी वडील कुवेतहून येईपर्यंत थांबावे लागत नाही.

तुमची,
सदरलेखिका